सोलापुरात घरी पेशंट सांभाळायला माणूस ठेवायचाय? कंपनी नीट पारखून कशी घ्यायची

आपल्याकडं आता कितीतरी घरांत हेच चाललंय, मुलगा पुण्यात नाहीतर बेंगलोरला, लेक सासरी, आणि जुळे सोलापुरात नाहीतर होटगी रोडला घरात दोघंच म्हातारी माणसं. त्यातलं एक अंथरुणाला लागलं की दुसरं पण खचतं. मग धावपळ सुरू होते, ह्याला फोन कर त्याला फोन कर, कुणीतरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर देतं आणि दुसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई पिशवी घेऊन दारात उभी असते. तिच्या ताब्यात आपण आपली आई देतो. एक साडी घ्यायची तर आपण चार दुकानं फिरतो, आणि इथं मात्र एका फोनवर काम भागवतो, हे मला बरोबर वाटत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक मुद्दा डोक्यात पक्का करा. येणाऱ्या मावशी किंवा मामा कितीही चांगले असले तरी ते कधीतरी आजारी पडणार, गावाकडं जाणार, त्यांच्या घरात पण अडचणी येणार. त्या दिवशी तुमच्या दारात कोण उभं राहणार, ह्यासाठी कंपनी असते. नुसता माणूस तर ओळखीतनं पण मिळतो. कंपनीला जे जादाचे पैसे देतो ते मागच्या जबाबदारीचे देतो, त्यामुळं खाली जे जे विचारायला सांगितलंय ते सगळं ह्या एकाच गोष्टीशी येऊन थांबतं.

आधी घरात बसून ठरवा, नेमकं काय पाहिजे

कंपनीला फोन करायच्या आधी एक वही घ्या आणि पेशंटचा पूर्ण दिवस लिहून काढा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आणि रात्री कितीदा उठवावं लागतं ते पण. स्वतःच्या हातानं जेवतात का, संडासला चालत जातात की डायपर, अंगावर वळायला येतं का, वजन किती, घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का. हे लिहिलं की कळतं तुम्हाला अटेंडंट पाहिजे का सिस्टर पाहिजे, आणि ह्यात लोकांचा लई गोंधळ होतो.

अटेंडंट म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, कुशीवर वळवणं, चालवायला आधार देणं. सिस्टर किंवा ब्रदर म्हणजे शिकलेला माणूस, एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा असतो, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आणि ह्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं असते. इंजेक्शन, सलाईन, जखमेचं मोठं ड्रेसिंग, गळ्यातल्या नळीचं सक्शन म्हणजे कफ ओढून काढणं, लघवीची नळी बदलणं, ही कामं सिस्टरचीच. पण काही ठिकाणी काय करतात, चार-सहा महिने कुठल्यातरी दवाखान्यात आया म्हणून काम केलेल्या बाईंना पांढरा कोट घालून सिस्टर म्हणून पाठवतात आणि रेट पण सिस्टरचाच लावतात. त्या बाईंचा ह्यात दोष नाही, पण उद्या काही झालं तर भोगायचं आपल्या पेशंटला. म्हणून सिस्टर सांगितली असेल तर नोंदणी नंबर मागा, सर्टिफिकेट बघा, नूतनीकरणाची तारीख बघा, आणि फोटो त्याच बाईंचा आहे ना ते पण बघा.

डिस्चार्ज मिळायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या की घरी सिस्टर लागेल की अटेंडंटवर भागेल, दिवसभर पाहिजे की फक्त रात्री, आणि ते डिस्चार्ज कार्डवर लिहूनच मागा. बऱ्याचदा सिस्टर दिवसातनं एकदाच येऊन ड्रेसिंग, इन्सुलिन बघून गेली आणि बाकी वेळ अटेंडंट असले तरी चालतं, खर्चात पण खूप फरक पडतो.

पेशंट बाई असेल तर बाईच हव्यात, ह्यात काही बोलायचं नाही. पण पुरुष पेशंट वजनाला जड असेल, लकवा मारलेला असेल, तर एकट्या मावशींना उचलणं होत नाही, त्यांची कंबर जाते आणि पेशंट पडायची भीती वेगळीच. तिथं मामाच सांगा.

शोधायचं कुठं

गूगलवर टाकलं की दहा नावं येतात, त्यातली निम्मी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची असतात, फोन कुठंतरी कॉल सेंटरला लागतो आणि माणूस मात्र इथल्याच एखाद्या ब्युरोतनं येतो. त्यामुळं पहिला प्रश्न हाच विचारा की सोलापुरात तुमचं ऑफिस कुठंय, आणि माणूस तुमचा आहे की दुसऱ्याकडनं घेणार.

मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे घरी येणारे फिजिओथेरपिस्ट. ते रोज पाच-सहा घरांत जातात, कुठल्या कंपनीची माणसं पेशंटला कसं ठेवतात ते त्यांनी डोळ्यानं बघितलेलं असतं. तसंच फॅमिली डॉक्टर, डायपर आणि एअर बेड देणारे सर्जिकलवाले, आणि वॉर्डातल्या जुन्या सिस्टर. सिव्हिल असो, अश्विनी असो नाहीतर कुठलंही खासगी हॉस्पिटल, डिस्चार्जच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये कुणीतरी येऊन चिठ्ठी हातात ठेवतं, "माणूस लागला तर ह्यांना फोन करा". चिठ्ठी ठेवून घ्या, पण त्यात बऱ्याचदा कमिशन असतं हे ध्यानात असू द्या. डिस्चार्जच्या तीन-चार दिवस आधीच शोधायला लागा, म्हणजे घाईत पदरात पडेल ते घ्यावं लागत नाही.

रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले "व्हेरी गुड सर्व्हिस" सोडून द्या. दोन आणि तीन स्टारवाले वाचा, त्यात खरी अडचण लिहिलेली असते, आणि त्याला कंपनीनं उत्तर काय दिलंय ते बघा.

फोनवरच अर्धं कळतं

चांगली कंपनी तुम्हालाच प्रश्न विचारते. पेशंटचं वजन किती, नळी आहे का, जखम आहे का, रात्री झोपतात का, चिडचिड करतात का, घरात आणखी कोण आहे. काहीच न विचारता "मॅडम तासाभरात माणूस पाठवतो, ॲडव्हान्स टाका" म्हणणाऱ्यांना माझ्या मते तिथंच नमस्कार करावा, कारण पेशंट कसाय हेच माहीत नसेल तर योग्य माणूस निवडणार कसा.

आपल्या सोलापुरात भाषेचा प्रश्न फार मोठा आहे आणि बाहेरच्या कंपन्यांना तो सुचत पण नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोट बाजूच्या घरांत कन्नड. धडधाकट असताना आजी छान मराठी बोलतात, पण विस्मरणाचा आजार झाला की बऱ्याचदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणीची भाषा तेवढी राहते. मग आजी "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणत पाणी मागतायत आणि मावशींना कळतच नाही, मावशी म्हणतात आजी उगाच ओरडतात. ज्या भाषेत पेशंट कळवळतो त्या भाषेचा माणूस मागा, थोडे दिवस थांबावं लागलं तरी थांबा.

ह्याच फोनवर काही घरांतनं मावशींची जात पण विचारली जाते, आणि पुढं जाऊन त्यांचा कप वेगळा, ताट वेगळं. हे करू नका. ज्या बाई तुमच्या वडिलांची घाण काढतात त्यांना दाराबाहेर बसवून जेवायला घालायचं आणि वर त्यांनी मायेनं बघावं अशी अपेक्षा ठेवायची, हे कुठल्याच माणुसकीत बसत नाही. काम येतं का, हात स्वच्छ आहेत का, बोलणं प्रेमाचं आहे का, एवढंच बघा. खाण्यापिण्याचं मात्र आधी मोकळेपणानं बोलून घ्या, घरात शाकाहार असेल तर डब्यात काय चालेल ते सांगा, दोन्ही बाजूंना बरं पडतं.

ऑफिसात जाऊन या

पाटी बघायला नाही, माणसं बघायला जा. शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट, पॅन, जीएसटी असेल तर तो नंबर, हे बघून घ्या आणि बँक खातं फर्मच्या नावाचंच आहे ना हे पण बघा. पण शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे म्हणजे सेवा चांगली असं समजू नका, दुकान नोंदवलंय एवढाच त्याचा अर्थ.

खरे प्रश्न पुढं आहेत. मावशींचा पगार कोण देतं, तुम्ही की आम्ही? नुसता माणूस मिळवून देऊन एकदाच कमिशन घेणारे ब्युरो वेगळे, आणि माणूस स्वतःकडं कामाला ठेवून पाठवणारी कंपनी वेगळी. ब्युरोकडनं घेतलं तर बदली माणूस, सुट्टी, भांडण सगळं तुमच्या गळ्यात येतं. रेट कमी असतो म्हणून लोक घेतात, घ्यायला हरकत नाही, पण काय घेतोय ते कळून घ्या.

दुसरा प्रश्न थोडा अवघड वाटतो पण मी तो विचारतेच, आम्ही जे पैसे देतो त्यातले मावशींच्या हातात किती पडतात? चांगला माणूस अवघडत का होईना उत्तर देतो, वाईट माणूस चिडतो. जिथं निम्म्याच्या वर पैसे वरच्या वर जातात तिथं बाई टिकत नाहीत, दर पंधरा दिवसाला नवीन चेहरा, आणि अंथरुणातल्या माणसाला रोज नवीन हातांची सवय करायला लावणं म्हणजे छळच. चोवीस तासाची ड्यूटी असेल तर मावशी झोपणार कधी, आठवड्याची सुट्टी कधी, त्या दिवशी कोण येणार, हे विचारा. रात्री चारदा उठवावं लागणारा पेशंट असेल तर एका माणसावर चोवीस तास ढकलू नका, बारा-बारा तासाचे दोन घ्या. न झोपलेल्या माणसाकडनं औषधाची चूक होणारच.

पोलीस व्हेरिफिकेशन झालंय असं सगळेच म्हणतात. तुम्ही विचारा, फॉर्म भरलाय की रिपोर्ट आलाय? दोन्हीत फरक आहे. रिपोर्टची कॉपी बघा. मावशींचं आधार, सध्याचा पत्ता, गावचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर तुमच्याकडं असला पाहिजे. वाटलं तर तुमच्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला, विजापूर नाका असो का जोडभावी पेठ, स्वतः जाऊन माहिती देऊन या.

आणि मग बदलीचं. आज मावशी आल्या नाहीत तर किती तासात दुसरा माणूस? "लगेच" हे उत्तर नव्हे, तास सांगा म्हणावं आणि लिहून द्या म्हणावं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, आषाढीला पंढरपूरकडचे रस्ते भरलेले असताना, दिवाळीत, गौरी-गणपतीत काय करता? माणसं मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडनं येणारी असतात, सणाला ती गावी जाणारच आणि जायलाच पाहिजे, पण त्याची सोय करणं कंपनीचं काम आहे.

शेवटी चालू असलेल्या दोन-तीन घरांशी बोलायचं म्हणा. कंपनीनं त्या घरांना विचारून नंबर दिला तर बरं. त्यांना "चांगलेत का" असं विचारू नका, कुणीही हो म्हणतं. "मावशी आल्या नाहीत त्या दिवशी काय झालं" हे विचारा.

कागदावर काय काय आलं पाहिजे

तोंडी काही नको. कामं कुठली आणि कुठली नाहीत, वेळ, रेट, आणि महिना तीस दिवसांचा धरलाय की सव्वीस, कारण इथंच हिशोबात भांडणं होतात. डिपॉझिट किती आणि परत कधी. पेशंट परत ॲडमिट झाला तर ते दिवस कापणार का. बोलायला जड जातं, पण पेशंट गेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का, हे आधीच लिहून घ्या, त्या दुःखात कुणी भांडत बसत नाही आणि पैसे तसेच राहतात. बंद करायची नोटीस किती दिवसांची. मावशींना तुम्ही पुढं थेट कामावर ठेवलं तर दंड आहे का, असेल तर किती. वस्तू मोडली, चोरी झाली तर जबाबदारी कुणाची. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम भरून डिस्काउंट घेऊ नका, पंधरा दिवसाचे नाहीतर फार तर महिन्याचे द्या, फर्मच्याच खात्यावर, आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. ही पावती पुढं फार कामाला येते, का ते खाली सांगते.

पहिले दिवस घरात कुणीतरी थांबाच

सुट्टी काढा, बहिणीला बोलवा, काहीही करा, पण पहिला आठवडा पेशंटला नवीन माणसाकडं एकटं सोडू नका. आणि परीक्षा घेतल्यासारखं उभं राहून नको, सोबत काम करत बघा.

काय बघायचं? आल्या आल्या हात धुतात का. पेशंटला हात लावायच्या आधी "आजोबा, आता कुशीवर वळवते हां" असं सांगतात का, का न बोलताच ओढतात. स्वतः वळता येत नसेल तर दर दोन तासाला कूस बदलली पाहिजे, दिवसा आणि रात्री पण. आंघोळीच्या वेळी तुम्ही स्वतः माकडहाड, टाचा, कुल्ले बघा, लाल डाग दिसला आणि बोटानं दाबल्यावर पण लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात असते, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. नाकातल्या नळीनं भरवत असतील तर डोक्याकडची बाजू चांगली वर केलेली पाहिजे, साधारण तीस ते पंचेचाळीस अंश, आणि भरवून झाल्यावर अर्धा-एक तास तसंच ठेवायचं, लगेच आडवं केलं तर अन्न फुप्फुसात जायचा धोका असतो. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली लटकवलेली पाहिजे, उचलताना पोटावर ठेवली तर लघवी उलटी जाते. लकव्याच्या पेशंटला गिळायला त्रास होतो, घाईघाईनं मोठा घास दिला की ठसका, त्यामुळं भाकरी दुधात नाहीतर आमटीत चांगली मऊ कुस्करून, पूर्ण बसवून, एकेक घास. इन्सुलिनवाल्या पेशंटनं जेवणच केलं नाही तर काय करायचं हे इन्सुलिन देणाऱ्या सिस्टरना विचारा. "रोजच्यासारखं देते" म्हणाल्या तर सावध व्हा. बरोबर उत्तर "आधी तुम्हाला नाहीतर डॉक्टरांना फोन करते" हेच.

आपला उन्हाळा पण लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि अंथरुणातला माणूस तहान लागली तरी सांगत नाही. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर किती वेळा किती पाणी दिलं ते लिहायला लावा. लाईट गेली की एअर बेडचा पंप बंद पडतो, ऑक्सिजनचं मशीन बंद पडतं, साध्या इन्व्हर्टरवर ऑक्सिजन मशीन चालेलच असं नाही, म्हणून भरलेला सिलिंडर घरात पाहिजे आणि तो लावायचा कसा हे मावशींना येत असलं पाहिजे. पाणी रोज येत नाही त्यामुळं कपडे, चादरी कधी आणि कोण धुणार हे पण आधीच ठरवा, लई घरांत ह्याच्यावरनं वाद होतात.

एक वही पलंगाजवळ ठेवा. तारीख, वेळ, काय खाल्लं, पाणी, लघवी-संडास, औषध, कूस कधी बदलली, बीपी-शुगर. मावशींना लिहिता येत नसेल तर खुणा करायचा तक्ता करून द्या, किंवा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवू दे. आठवड्यातनं एकदा गोळ्या मोजा. पेशंट एकाएकी दिवसभर गुंगीत राहायला लागला तर झोपेच्या गोळ्या पहिल्यांदा मोजा आणि डॉक्टरांना कळवा.

सोनं, रोकड लॉकरला ठेवा, कपाटाची किल्ली तुमच्याकडं. एटीएम कार्ड आणि मोबाईलचा पिन मावशींना सांगू नका असं आईवडिलांना समजावून सांगा, कारण त्यांना माया लागली की ते सांगून मोकळे होतात. हे मावशींवर संशय म्हणून नाही, किल्ली तुमच्याकडं असली की काही हरवलं तरी त्यांच्यावर आळ येत नाही. कॅमेरा लावणार असाल तर त्यांना सांगून लावा, आणि आंघोळ, कपडे बदलायच्या जागी अजिबात नको, पेशंटची पण लाज असते आणि त्यांची पण.

मुलं बाहेरगावी असतील तर गावात एक माणूस ठरवा, शेजारच्या वहिनी, भाचा, कुणी पण, जो वेळ न सांगता आठवड्यातनं दोनदा डोकावेल. व्हिडिओ कॉलवर सगळं छानच दिसतं. कंपनीचा सुपरवायझर पण महिन्यातनं किती वेळा घरी येणार हे विचारा, आणि खरंच येतो का ते बघा.

बिनसलं तर

अंगावर वळ, पेशंट त्या माणसाला बघून आक्रसतो, एकटं बोलू देत नाहीत, वही एकाच वेळी एकाच पेननं आठवड्याची भरलेली, ह्यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. आधी पेशंटशी एकट्यात बोला, फोटो काढा, त्या माणसाला त्याच दिवशी थांबवा आणि कंपनीला लेखी, निदान व्हॉट्सॲपवर कळवा. मारहाण, चोरी असेल तर ११२. तब्येत बिघडली तर आधी १०८, मग कंपनी, हा क्रम मावशींना पहिल्याच दिवशी सांगा आणि नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. पैसे अडकवले, सांगितली तशी सेवा दिली नाही, तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथं राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी पुण्याची असली तरी सोलापुरात केस करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण तिथं पावती, करार आणि मेसेज लागतात, म्हणूनच वर पावतीचा एवढा आग्रह धरला.

सेवा बंद करताना नोटीस लिहूनच द्या, शेवटचा हिशोब आणि डिपॉझिट एकाच दिवशी मिटवा, मावशींचा पगार कंपनीकडं अडकला नाही ना हे त्यांनाच फोन करून विचारा, घराची किल्ली परत घ्या, आणि भाड्यानं आणलेला बेड, एअर बेड, ऑक्सिजन मशीन परत करताना सर्जिकलवाल्याकडनं पोच घ्या, नाहीतर भाडं चढत राहतं.